निरोगी माना बघणाऱ्या बाई

बाईंच्या दवाखान्यात जाताना एक वेळ कुत्रं नसलं तरी चालायचं, पण हातात पाण्याची बाटली पाहिजे म्हणजे पाहिजे. दुष्काळाची सालं होती ती. शहरात नळाला पाणी आठवड्यातनं एकदा, तेही आलं तर. सोनोग्राफी करताना कुत्र्याच्या मानेला गार, चिकट जेल लावतात आणि ती नंतर ओल्या फडक्यानं पुसावी लागते. म्हणून बाईंनी दारावर खडूनं लिहून ठेवलं होतं, 'आपल्या जनावराचं पाणी आपण आणा.' एकदा एक बडे साहेब लांबलचक गाडीतनं उतरले, काखेत पांढरं झुबकेदार कुत्रं. बाईंनी दारातच विचारलं, "पाणी?"

"नको, आत्ताच घेतलं," साहेब म्हणाले.

"मी देत नाहीये, मागतेय."

साहेब निमूट गाडीकडं गेले आणि बाटली घेऊन आले. पुसून उरलेलं पाणी बाई दाराबाहेरच्या दगडी कुंडीत ओतायच्या. गल्लीतली कुत्री, मांजरं, चिमण्या, सगळी तिथं पाळीपाळीनं येत. "खरा दवाखाना हा," बाई म्हणायच्या, "आतला नुसता देखावा."

आत आलं की मालकाला 'तू' आणि कुत्र्याला 'आपण'. "या जनाब, तशरीफ ठेवा," असं त्या कुत्र्याला म्हणायच्या, आणि मालकाकडं वळून, "तू तिकडं बस. मधी मधी बोलू नको." त्यांचे वडील निजामाच्या वेळचे कचेरीतले कारकून. घरात पूजा संस्कृतात, कागद उर्दूत. बाईंच्या तोंडी दोन्ही उतरलं होतं. रागावल्या की उर्दू आणि खूश झाल्या की आपली साधी मराठी. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं, आता छत्रपती संभाजीनगर झालं. बाई तेव्हाही नुसतं 'शहर' म्हणायच्या, आताही फोनवर 'शहर कसं आहे?' एवढंच विचारतात. आता त्या लांब भाचीकडं राहायला गेल्यात.

त्यांची सगळी नोकरी सरकारी, तालुक्या-तालुक्यानं गाई-म्हशींच्या मागं गेलेली. लग्न केलं नाही. "सवड कुणी दिली?" असं वर विचारायच्या. निवृत्त झाल्यावर फंडातनं माणसं गाळा घेतात, काशीला जातात. बाईंनी हातात धरून नेता येईल असं सोनोग्राफीचं यंत्र घेतलं, त्याचे सगळे परवाने काढले, आणि दारावर दुसरी पाटी लावली, 'इथं माणसांची सोनोग्राफी होत नाही. विचारूही नये.' तरी विचारणारे यायचेच. एक जोडपं आलं, संगं भेदरलेलं कुत्रं. बाईंनी सहज विचारलं, "आपलं नाव काय जनाब?" नवरा म्हणाला मोती आणि त्याच क्षणी बायको म्हणाली राजा. कुत्रं मागून आणलेलं होतं. नवरा हळू आवाजात पोटातल्या बाळाचं काहीतरी बोलायला लागला. त्या दिवशी बाईंची उर्दू गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेली. नवरा पायऱ्या उतरून पळाला. बायकोला मात्र बाईंनी थांबवून पाणी दिलं, "काही लागलं तर इथं ये, कुत्र्याबिगर ये," म्हणाल्या.

मी त्यांच्याकडं कसा पोचलो, ते सांगायचं तर आधी तुफानचं सांगावं लागेल.

मी लातूरकडचा. आठवीतनं उठलेला. आमच्या भागात कारवानी जातीची कुत्री असतात. उंच, बारीक, पोट पाठीला लागलेलं, पळाली की डोळ्याला दिसत नाहीत. शहरातल्या एका बिल्डरनं आमच्या गावातनं असलं एक पिल्लू घेतलं, नाव ठेवलं तुफान. विकणाऱ्यानं सांगितलं, "साहेब, हे अनोळखी हातात टिकत नाय. संगं एक माणूस न्या." तो माणूस मी. म्हणजे कुत्र्यावर मी फुकट मिळालो असं म्हणा. बंगल्यामागची खोली, पगार, बायको आणि मुलगी संगं. मुलीला जवळच्या शाळेत घातलं. दुसरीत होती, आणि पहिल्या बाकावर बसायची. आमच्या घरात पहिल्या बाकावर कुणी बसलं नव्हतं.

पण मी जन्माचा घाबरट. गेटाला कुलूप लावलं तरी परत जाऊन ओढून बघणारा. एक गणित मला दिवसरात्र टोचायचं, की कुत्रं गेलं तर मी गेलो, खोली गेली, पोरीची शाळा गेली.

आणि तुफान झोपायला लागला. दोन-अडीच वर्षांचं जवान जनावर, पण दिवसभर पायऱ्यांवर पसरलेलं. मांड्यांवरचे केस विरळ झाले. पाहुणे आले तर एक डोळा उघडायचा, बघायचा, मिटायचा. मालक वैतागले. "सिंह आणला म्हणून सांगितलं गावभर, आणि निघाली गोधडी!" एका चकचकीत दवाखान्यात रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, थायरॉईड कमी आहे, जन्मभर गोळ्या. गोळ्या सुरू केल्या तर तुफान उलटा बिथरला. धापा टाकत येरझाऱ्या, बादलीभर पाणी पिणं, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. त्या दुष्काळात कुत्र्यानं बादलीभर पाणी पिणं म्हणजे काय, ते टँकरच्या मागं पळालेल्यालाच कळेल.

मालकानं मला बोलावून घेतलं. "हे बघ, पाडव्याला नवीन साइटचं उद्घाटन आहे. तवर ह्यो धड उभा राहिला तर ठीक. नायतर मी एक रॉटवायलर कुत्रा सांगून ठेवलाय. त्याच्यासंगं त्याचा माणूस येतोय."

'त्याचा माणूस' हे दोन शब्द घेऊन मी रोज सकाळी तुफानला आमखास मैदानावर न्यायचो. मैदान कसलं, नुसती धूळ. त्या धुळीत एक दिवस डोक्याला पांढरा रुमाल बांधलेली, साठी ओलांडलेली बाई पोत्यावर मांडी घालून बसलेली दिसली. पुढ्यात छोटं यंत्र, बाजूला ग्लुकोजच्या बिस्किटांचा ढीग, आणि एका मालकाच्या कुत्र्याची हनुवटी वर धरून ती पडद्यात बघत होती.

मला बघून तिनं हाक मारली, "ए बाळा, ही मान कुणाची?"

"कुठली मान?"

"तुझ्या हातातल्या पट्ट्यातली. इकडं आण. बिस्कीट मिळंल. तुला नाही, त्याला."

मी घाबरून म्हटलं, "बाई, त्याला रोग आहे. थायरॉईड कमी."

बाईंचा चेहरा पडला. "मग इथं नको. इथं मी निरोग्यांना बघते."

ही त्यांची खरी खोड. जगातले सगळे डॉक्टर आजाऱ्यांच्या मागं असतात, ह्या बाई रोज सकाळी धडधाकट कुत्री गोळा करून त्यांच्या माना बघायच्या. पैसे घ्यायच्या नाहीत, उलट बिस्किटं द्यायच्या. लोक म्हणायचे, म्हातारीचं डोकं फिरलंय. बाई म्हणायच्या, "जन्मभर आजारी बघितलं की माणसाला सगळं जगच आजारी दिसायला लागतं. आधी चांगलं काय असतं ते बघून घ्यावं. वाईट मग आपोआप ओळखू येतं." लॅब्रॅडॉर वेगळा, पॉमेरियन वेगळा, आपला गावठी वेगळा. प्रत्येकाच्या मानेतली ती थायरॉईडची गाठ, जन्मतःच असते ती, त्या हावरटासारखी बघायच्या.

मी जायला वळलो. तेवढ्यात त्यांनी तुफानकडं नीट बघितलं. उभ्या राहिल्या. गुडघे कडकन वाजले. "अरे, हा तर कारवानी. कारवानी मी अजून एकही बघितलेला नाही." आणि पुढं, जणू मीच त्यांच्यावर उपकार करणार होतो अशा आवाजात, "देशील का बघू?"

त्या दिवसापासनं मी बाईंच्या दवाखान्यात जायला लागलो. तिथंच मला कळलं की खरा आजार कसा असतो. सिडकोतल्या एका फ्लॅटमधनं एक लॅब्रॅडॉर आला. गाडग्यासारखा फुगलेला, शेपटीचे केस झडून उंदराची शेपटी झालेली, तोंड असं की आत्ताच कुणी घरातलं गेलंय. उन्हाळा सुरू झालेला, आमची अंगं भिजलेली, आणि तो गॅलरीत भर उन्हात जाऊन बसायचा. मालकीणबाई कौतुकानं सांगायच्या, "फार शांत झालाय हो. अगदी विरक्त."

"विरक्त नाही, गारठलाय," बाई म्हणाल्या. मानेचे केस काढले, जेल लावली. पडद्यावर मला नुसतं धुकं दिसायचं. बाईंनी बोट ठेवून दाखवलं. "भुईमुगाची शेंग फोडली आणि आत दाणा सुरकुतलेला निघाला तर कसा दिसतो?"

"काळपट. लहान."

"ही ती गाठ. अंगाची चूल पेटवायचं काम तिचं. तीच विझत आलीय." रक्तही तेच सांगत होतं. गोळ्या सुरू झाल्या. काही आठवड्यांनी मालकीणबाई तक्रार घेऊन आल्या, की विरक्त कुत्र्यानं ओट्यावरचा चपात्यांचा डबा पळवला. बाईंनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या, आणि कुत्र्यापुढं वाकून म्हणाल्या, "मुबारक हो जनाब."

मला बाईंनी ते यंत्र कसं बघतं तेही सांगितलं होतं. "विहिरीत खडा टाकला की पाणी किती खोल आहे ते तू डोळ्यानं बघतोस का?"

"नाय, कानानं."

"तसंच. हे आवाज टाकतं आणि परत आलेला ऐकतं. ऐकून चित्र काढतं."

त्या साली इतक्या विहिरी कोरड्या होत्या की खडा टाकायचं भ्या वाटायचं. तुफानची पाळी आली तेव्हा मला तसंच वाटत होतं. मी त्याचं तोंड दोन्ही हातांनी वर धरलं. त्याच्या गळ्यातली धडधड माझ्या तळव्याला लागत होती. बाईंनी पंखा बंद केला, खिडकी लावली, आणि तो चपटा दांडा त्याच्या गळ्यावरनं हळूहळू फिरवला. मग एकदम, "वाह! क्या बात है जनाब!"

"काय झालं बाई?"

"इकडं बघ. हे काळं धडधडतंय ती रक्ताची नळी. ही पांढरी रेघ श्वासनळी. मधी काय आहे?"

मला पहिल्यांदाच काहीतरी दिसलं. "खारकेच्या बीसारखं?"

"तंतोतंत! दोन्ही टोकं निमुळती, काठ सरळ, आतनं भरलेली, उजळ. दुसऱ्या बाजूलाही तश्शीच. ह्याची चूल विझलेली नाही रे. चांगली पेटलीय."

"मग रक्तात कमी का आलं?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे असे चमकले की मला वाटलं त्यांना कुणी लुगडं आणलंय. "माहीत नाही! किती दिवसांनी म्हणायला मिळालं!"

मला हसावं का रडावं कळेना. माझा पाडवा जवळ येत होता. मी म्हटलं, "बाई, तुम्ही मालकाला तेवढं लिहून द्या की कुत्रं बरं आहे."

"नाही देणार." त्या एकदम कडक झाल्या. "यंत्र साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही. एका साक्षीदाराच्या शब्दावर फाशी देऊ नये, आणि सोडूही नये. मला अजून कारवानी पाहिजेत. धडधाकट. त्यांची रक्तं पाहिजेत." तिथल्या तिथं त्यांनी मालकांना फोन लावला. "तुमच्या कुत्र्याच्या गोळ्या मी बंद केल्यात. जास्त महिने गेले असते तर चांगली गाठ गोळ्यांच्या जिवावर आळसावली असती. जबाबदारी माझी." पलीकडनं काय आलं ते मला ऐकू आलं नाही, पण बाई म्हणाल्या, "हो हो, पाडव्यापर्यंत." आणि फोन ठेवून मला, "तुझा मालक घाईतला आहे. शहरासारखाच."

शहरात दुसरा कारवानी नव्हता. बाईंनी नोकरीतल्या जुन्या ओळखी उकरल्या. वैजापूरच्या मार्केट यार्डातल्या एका कांद्याच्या अडत्यानं सांगितलं, की चारा नाही म्हणून मेंढपाळांचा एक वाडा, म्हणजे मेंढरांसकट सगळा तळ, खाली उतरलाय, त्यांच्यासंगं चार बारीक-उंच कुत्री आहेत, वाऱ्यासारखी. दुसऱ्याच दिवशी बाईंच्या जुन्या व्हॅनमध्ये यंत्र, बर्फाचा डबा, पाण्याची बाटली आणि मी. दौलताबाद मागं पडलं तशा त्या गायला लागल्या. गाणं कुठलं ते कळत नव्हतं, कारण प्रत्येक खड्ड्याला नवीन सुरू व्हायचं.

वाड्यावर पुरुषमाणसं मेंढरं घेऊन गेलेली. एक म्हातारी आजी काठी घेऊन बसलेली आणि तिच्याभोवती चार कारवानी, चारही झोपलेले. अगदी तुफानसारखे, लांबलचक पसरून.

आजीनं विचारलं, "काय वं डाक्टरीन, कुत्र्यास्नी कंचा रोग आलाय?"

"कुठलाच नाही आजी. म्हणून तर आले."

आजीनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, की व्हय, असंच आहे.

"रगत घेनार?"

"थोडंसं."

"रोग नाय तर रगत कशाला? येडी का खुळी!" पण बाईंनी जेलचा गोळा स्वतःच्याच गालावर थापला, गार आहे, लागत नाही असं दाखवायला. म्हातारी दात नसलेलं हसली आणि काठी बाजूला ठेवली.

पंचाईत उन्हाची झाली. मैदानावरच्या सकाळसारखं नाही, भर दुपारच्या उजेडात पडद्यावर काही दिसेना. बाईंनी आजीचं काळं घोंगडं मागितलं, यंत्रावर टाकलं, आणि कुत्र्यासकट स्वतःही आत शिरल्या. मी बाहेरनं कुत्र्याचं तोंड धरायला अर्धा आत. घोंगड्याखाली मेंढीचा, कुत्र्याचा आणि घामाचा वास कोंदलेला. बाई आतनं ओरडत होत्या, "भरलेली! हीसुद्धा भरलेली! अरे काय देखणी आहे!"

"आत चाललंय काय?" आजी बाहेरनं म्हणाली. "लगीन लावताय व्हय?"

चारही माना झाल्या. खारकेच्या चार जोड बिया. रक्ताच्या नळ्या बर्फात ठेवल्या. आजी म्हणाली, "माझ्या बी नरड्यात गाठ लागतीया कवापासनं. बघ की."

बाई गंभीर झाल्या. हातानं चाचपून बघायलाही नाही म्हणाल्या. "माणसांचं बघायचा मला अधिकार नाही आजी. वैजापूरच्या सरकारी दवाखान्यात जा. मी चिठ्ठी देते, आणि तिथल्या डॉक्टरला फोन करते."

"म्हंजी मान्सापरीस कुत्र्याचा मान मोठा!"

"माझ्याकडं तरी व्हय," बाई म्हणाल्या, आणि दोघी लहान पोरींसारख्या खिदळल्या. (आजी खरंच गेली दवाखान्यात. बाईंनी नंतर अडत्याकडनं तीनदा चौकशी केली होती.)

संध्याकाळ व्हायला आली तशी मेंढरं परतताना दिसली. कुठनंतरी एक कोल्हं कळपाच्या कडेला आलं असावं. आजीनं जीभ टाळ्याला लावून नुसता एक आवाज काढला. झोपलेले चारही उठले कधी ते मला दिसलंच नाही. दिसली ती फक्त धूळ, एक सरळ रेघ ओढल्यासारखी. बाईंनी माझं मनगट धरलं होतं. इतकं घट्ट, की घरी आल्यावर बायकोनं विचारलं, हे कुणी दाबलं?

रक्ताचे निकाल आले त्या दिवशी मी बाईंच्या स्कूटरवर मागं बसलो होतो. लॅबमधनं कागद घेतला, राहवेना म्हणून क्रांती चौकात सिग्नलला स्कूटर थांबवली आणि तिथंच उघडला. सिग्नल हिरवा झाला. मागनं रिक्षा, बस, टँकर, सगळ्यांचे भोंगे. बाई हलेनात. मग दोन्ही हात वर करून ओरडल्या, "आजारी! सगळे आजारी! चारही!"

ट्रॅफिक हवालदार पळत आला. "काय झालं मावशी? घरचे आहेत का?"

"चौघंही कमी! तुफानइतकेच कमी!" बाईंचा चेहरा फुललेला.

एका रिक्षावाल्यानं मान बाहेर काढली, "या खुदा! चारों एक साथ?" त्यानं खाली उतरून स्कूटर कडेला घ्यायला मदत केली, आणि "अस्पताल छोड दूं क्या अम्मा?" असं कळवळून विचारलं. बाई हसताहेत आणि डोळ्यांतनं पाणी वाहतंय. त्या माणसाला काय वाटलं असंल कोण जाणे. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, "हिम्मत रख भाई."

फूटपाथवर बसवून बाईंनी मला उलगडून सांगितलं. त्या निकालाप्रमाणं बघायचं तर आजीचे चारही कुत्रे तुफानसारखेच आजारी. आणि त्यांना पळताना तर मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं. म्हणजे कमी हेच ह्या जातीचं बरोबर आहे. पुस्तकातला आकडा दुसऱ्या जातींचा. पळायला जन्मलेल्या असल्या बारीक कुत्र्यांच्या मांड्यांचे केसही कधी कधी उगीच विरळ होतात, त्यानं काही बिघडत नाही. आणि झोप? "पळत नसला की कारवानी झोपतो. तुझ्या मालकाच्या फरशीवर तो पळणार कुठं, जिन्यात?"

त्या चकचकीत दवाखान्याबद्दल बाई वाईट बोलल्या नाहीत. उलट तिथल्या डॉक्टरांना जाऊन सगळं दाखवलं, आणि त्यांनी खुर्ची ओढून ऐकलं. "त्यांनी पुस्तक बरोबर वाचलं होतं," बाई म्हणाल्या. "पुस्तकानं आपला कारवानी बघितला नव्हता, त्याला ते काय करणार?"

गोळ्या अंगातनं पूर्ण उतरल्यावर तुफानची धाप थांबली, बरगड्या भरल्या. आणि तो परत झोपायला लागला. आता मला त्याचा अर्थ माहीत होता. मालकांना नव्हता.

पाडव्याला साइटवर मांडव पडला. बीड बायपासच्या पलीकडं, नुसते चुन्याचे पट्टे आणि प्लॉटचे दगड, मधनं मुरमाचा सरळ रुंद रस्ता. घर एकही नाही. पाणी नाही तर बांधणार कोण? ऑफिसवर गुढी उभारलेली, टेबलावर ताटात कात्री आणि लाल रेशमी फीत. आणि त्या टेबलाखाली तुफान, चारी पाय ताणून, घोरत.

मालक मला बाजूला घेऊन म्हणाले, "बघितलंस? आपलं बोलणं झालं होतं. उद्या रॉटवायलरवाल्याला हो म्हणतो. तू महिनाअखेर बघ काय ते."

माझ्या कानात शाळेची घंटा वाजायला लागली. मला सगळं सांगायचं होतं, खारकेची बी, चार कुत्रे, पुस्तक. पण तोंडातनं एवढंच आलं, "मालक, बाई येतायत."

बाई आल्या त्या स्कूटरवरनंच, मांडवापर्यंत थेट. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "साहेब, तुमचा हा रस्ता किती लांब आहे?"

"शेवटच्या प्लॉटपर्यंत सरळ. का?"

"रिकामा?"

"सध्या रिकामाच की."

"छान," म्हणाल्या, आणि ताटातली लाल फीत उचलली.

"अहो मॅडम, ती कापायची आहे! पाहुणे येतायत!"

बाईंनी फितीचं एक टोक स्कूटरच्या मागच्या दांडीला बांधलं. फीत धुळीत लोळली, वाऱ्यानं वळवळली. तुफाननं एक डोळा उघडला. मग दुसरा. कान उभे राहिले.

"पट्टा सोड," बाई मला म्हणाल्या.

माझी बोटं हुकावर जाऊन थांबली. गावाकडनं आणल्यापासनं मी त्याला शहरात एकदाही मोकळं सोडलं नव्हतं. पळून गेला तर? गेला तर सगळंच गेलं, ते तर जातच होतं.

"सोड रे! मानेत दोन खारका भरलेल्या आहेत त्याच्या. मी बघितल्यात!"

मी सोडला.

बाईंनी स्कूटर पिळली. साठीच्या वरची बाई, डोक्यावरचा रुमाल उडतोय, मागं लाल फीत सळसळतेय, आणि तुफान. तो पहिल्या दोन उड्यांत लांबला. म्हणजे अंगच लांबलं त्याचं, आमच्या पायरीवर जे गुंडाळून पडलेलं असायचं ते सगळं उलगडलं. चारही पाय हवेत. जमीन त्याला फक्त नावाला लागत होती. स्कूटर किंचाळत होती, बाई किंचाळत होत्या, मांडवातले मांडववाले, आचारी, फोटोवाला, सगळे रस्त्यावर धावत आले. "घेतली! घेतली! घेतली!" असं कुणीतरी ओरडत होतं. नंतर मला कळलं, तो मीच होतो.

शेवटच्या दगडाच्या अलीकडं तुफाननं फीत तोंडात धरली, मानेला एक झटका दिला, आणि ती मधनं फाटली.

बाई लांबवर स्कूटर थांबवून हँडलवर डोकं टेकून हसत होत्या. तुफान अर्धी फीत तोंडात घेऊन रमतगमत परत आला, हाक मारावी लागली नाही. मालकांच्या पायांपुढं फीत टाकली, त्यांच्या नव्या गाडीच्या सावलीत जाऊन एक गोल चक्कर मारली, आणि पसरला. डोळे मिटले.

"झोपलं की परत!" मालक म्हणाले. पण आवाज वेगळा होता. ते खाली वाकले, धुळीतली फाटकी फीत उचलली, बोटांनी साफ केली. "अन् माझं उद्घाटन करून झोपलं." मग रस्त्याच्या शेवटाकडं बराच वेळ बघत राहिले, जणू तो रस्ता त्यांनी आजच बघितला.

बाई स्कूटर ढकलत येत होत्या, ती बंद पडली होती. मालकांनी त्यांना नाही, मला विचारलं.

"काय रे, उद्या गिऱ्हाइकं येणारेत. उद्या सकाळी पळंल का हा परत?"

बाई मागनं काहीतरी म्हणाल्या, पाणी द्या त्याला असं असावं. पाहुण्यांच्या गाड्याही येऊन लागल्या होत्या. मला मालकांच्या त्या वाक्यातला फक्त 'उद्या' ऐकू आला. मी म्हटलं, "पळंल की मालक. रोज पळंल," आणि वाकून तुफानच्या गळ्यात पट्टा घालायला लागलो. हुक लागला, तरी परत एकदा ओढून बघितला.